सोंड कुणीकडे वळली

रविवार, सकाळी साडेदहा. जमा रक्कम अकरा हजार चारशे रुपये. हजर: दादा, मी, माझी मुलगी अन्वी, दामले काकू, गोहलपुरचे रईसभाई आणि मराठी मंडळाच्या रविवारच्या वर्गातली एकोणपन्नास मुलं. मुलं मी दोनदा मोजली. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "भाऊजी, पोरं काय पळून जाऊन राहिली? एकदा मोजा अन् बसा गुमान."

वहिनी, तुम्हाला जाऊन सव्वा महिना झाला. मंडळातले दोघे शोकसभेचं विचारायला घरी आले होते. दादाने त्यांना चहा दिला आणि म्हणाला, "भाषणं नकोत. तिला भाषणात झोप यायची." दादा एवढंच बोलला, पण तेवढ्याने काम झालं. तुमच्या नावाने पैसे जमवायचे ते तुमच्या पुस्तकासाठी, असं ठरलं. बत्तीस पानं, तीनशे प्रती, एका प्रतीला अडतीस रुपये. ओमतीच्या छापखान्याचा हा भाव मीच आणला होता, तुम्ही असताना. मुलांना डिजिटल चित्रकला आणि तिचा इतिहास सांगणारं मराठी पुस्तक, जबलपुरात लिहिलेलं. मजकूर तयार होता, चित्रं लागली होती. फक्त पहिलं पान अडलं होतं. तुमच्या-माझ्या भांडणामुळे ते दोन वर्षं अडलेलंच होतं.

आता भांडायला तुम्ही नाही आणि छापखान्यातून जैनजींचा रोज फोन. "भाईसाहब, पहला पन्ना भेज दीजिए, मशीन खाली है." पान मला एकट्याला ठरवायचं होतं. समोर कोणी नसताना जिंकलेला वाद मला नको होता. आणि जे मला पटलं नाही ते मुलांच्या पुस्तकात छापायचंही नव्हतं. चार दिवस मी ते पान खिशात घालून बँकेत कामाला जात होतो आणि तसंच परत आणत होतो.

हकिगत तुम्हाला माहीत आहे. पण आजवर ती नेहमी तुमच्याच तोंडून सांगितली गेली, म्हणून एकदा मी सांगतो.

दादाशी लग्न होऊन तुम्ही अमरावतीहून आमच्या मदन महलच्या घरात आलात तेव्हा मी अकरावीत होतो. तुमच्या सामानात रंगांची पेटी होती आणि ती कुठे ठेवायची यावरून आईला प्रश्न पडला होता. पुढे तुम्ही कॉम्प्युटर शिकलात आणि रईसभाईंच्या कारखान्यात लागलात. तिथे सलवार सूट शिवतात. कागदावरची वेलबुट्टी टाक्याटाक्याने यंत्राला सांगायची हे तुमचं काम. इथे सुई घाल, इथे दोरा तोड, इथे रंग बदल. या कामाला गोहलपुरात 'पंचिंग' म्हणतात. मी एकदा विचारलं होतं, "वहिनी, यात पंच काय करता? भोक तर कुठेच पडत नाही."

तुम्ही पोळ्या लाटत होता. लाटणं तसंच हातात धरून तुम्ही मला दोनशे वर्षांपूर्वीच्या विणकराच्या मागापर्यंत नेलं होतं. त्या मागांना भोकं पाडलेले पुठ्ठे लावायचे. भोक असलं तर धागा वर, नसलं तर खाली. पुठ्ठे बदलले की कापडावरचं फूल बदलायचं. भरतकामाच्या यंत्रांनाही पुढे तसेच पुठ्ठे आणि पट्ट्या लागल्या. "भोकं गेली, भाऊजी, नाव राहिलं. चित्र आकड्यात सांगता येते, हे कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी कापडाला समजलं होतं." एक पोळी करपली. ती माझ्या ताटात आली.

मंडळातला रविवारचा मराठी वर्ग तेव्हा बंद पडायला आला होता. सहा मुलं यायची, तीही आयांनी ढकललेली. आपली मुलं घरात मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात, अन्वीचंही तेच. तुम्ही समितीला म्हणालात, "मला द्या वर्ग. मराठी शिकवत नाही मी. मराठीत काही तरी शिकवते, जे त्यांना हिंदीतही माहीत नाही." मंडळाचा हिशेब माझ्याकडे, म्हणून समितीने मला विचारलं, खर्च किती येईल. मी म्हटलं, वहिनींचा जुना कॉम्प्युटर आणि माझा वेळ, खर्च शून्य. माझ्या वेळेचा हिशेब तेव्हाच धरायला हवा होता.

पहिल्या रविवारी तुम्ही एका मुलाच्या मोबाइलमधला खेळ भिंतीवर मोठा करून दाखवलात. त्यातल्या पळणाऱ्या माणसाला इतकं मोठं केलं की नुसते चौकोन दिसू लागले.

"हे काय आहे?"

"चौकोन!"

"आता मागे जा, दाराशी. आता?"

"नाक!"

"बस. अर्धी डिजिटल कला झाली. बाकीची अर्धी पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी अकरा मुलं आली. मग वीस. तुम्ही त्यांना खोलीएवढ्या कॉम्प्युटरच्या गोष्टी सांगितल्यात. तेव्हाच्या चित्रकारांपुढे बहुधा पडदाच नसायचा. चित्रकार नुसत्या सूचना लिहायचा आणि यंत्राला जोडलेली लेखणी कागदावर रेघा ओढायची. काय निघेल ते लिहिणाऱ्यालाही पुरतं ठाऊक नसायचं. यावर एक मुलगा म्हणाला, "फिर वो काहे का चित्रकार, वहिनी? चित्र तो मशीन ने बनाया." मी तुम्हाला वहिनी म्हणतो म्हणून सगळी मुलंही वहिनीच म्हणायची. मंडळातल्या दामले काकूंना ते शेवटपर्यंत आवडलं नाही.

तुम्ही त्याला विचारलंत, "तुझी मम्मी इडली कशी करते?"

"कुकर में रखती है."

"झाकण लावल्यावर आत काय चाललं ते दिसते का तिला?"

"नहीं."

"मग इडली कुणाची? मम्मीची का कुकरची?"

 मी मागच्या बाकावर बसून कुकरचाही थोडा वाटा धरायला हवा असं म्हणालो. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीत.

आणि ती यंत्र झालेली बाई. दर चार-सहा रविवारांनी तिची गोष्ट निघायचीच. दूरच्या देशात एक चित्रकार बाई होती. तिला कॉम्प्युटर हवा होता, मिळत नव्हता. मग काही वर्षं ती स्वतःच यंत्र झाली. नियम ठरवायचा आणि चौकोन हातानेच काढायचे. पण मनाला वाटेल तसे नाही, नियम सांगेल तसे. हे सांगून तुम्ही मुलांच्या हातात सापशिडीचे फासे दिलेत. एक पडला तर रेघ उभी, सहा पडला तर आडवी, मधले आकडे तिरपे. छत्तीस रेघांचा एक कागद. सगळ्यांना नियम एकच, तरी दोन कागद सारखे निघाले नाहीत. मी ते भिंतीवर लावताना ताडून पाहिले होते. "सारखा निघाला तर सांगा, भाऊजी," तुम्ही म्हणाला होतात, "त्या दिवशी मी वर्ग बंद करते."

आता गणपतीचं.

चार वर्षांपूर्वीच्या गणेशोत्सवात मुलांनी नाच बसवायचा होता. तुम्ही म्हणालात, नाच नाही, पडदा बसवू. मुलांचाच. तुम्ही चौकटीच्या कागदावर दहा बाय दहाचा गणपती काढलात. शंभर चौकोन. निळी पार्श्वभूमी, पिवळा मुकुट, शेंदरी तोंड, पांढरा दात. एका मुलाच्या दोन हातांत दोन रंगीत पुठ्ठे, म्हणजे पन्नास जणं लागणार. मुलं एकोणपन्नास होती, पन्नासाव्या तुम्ही बसलात. पुठ्ठे रईसभाईंनी दिले, सुटांच्या खोक्यांचे. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "भाभीजी, गणपति जी के लिए है, इसमें हिसाब कैसा?" हे म्हणताना ते माझ्याकडे पाहत होते.

पाहणारे वरच्या सज्जात, मुलं खाली अंगणात सज्जाकडे तोंड करून. ओळीत पाच, ओळी दहा. कोण कुठे बसेल ते तुमच्या कागदावरून मी लावलं. मी मुलांच्या पाठीमागे उभा होतो. कागदावर जे डावीकडे होतं ते मी डावीकडे बसवलं, जे उजवीकडे होतं ते उजवीकडे. प्रत्येकाच्या डाव्या हातात डावा पुठ्ठा, उजव्या हातात उजवा. एकही जागा चुकली नाही. हे मी तेव्हाही सांगितलं होतं आणि आजही सांगतो.

तुम्ही मागून दुसऱ्या ओळीत, मुकुटात बसून ओरडलात, "उचला!"

सज्जात माणसं पुढे वाकली. मग टाळ्या. मग टाळ्यांच्या वरून दामले काकूंचा आवाज: "अगं बाई! उजव्या सोंडेचा! सुनंदा, हे काय केलंस? उजव्या सोंडेचं सोवळं कडक असतं, इथे कोण पाळणार?"

तुम्ही डोकं वर करून म्हणालात, "काकू, प्राणप्रतिष्ठा नाही झाली अजून. सध्या पुठ्ठाच आहे. थांबा, वळवते."

मग जो गोंधळ झाला तो मी जन्मात विसरणार नाही. पाहणाऱ्याची डावी ती बसणाऱ्याची उजवी, त्यामुळे अख्खा गणपती आरशातल्यासारखा उलटा झाला होता. तुम्ही मुकुटातूनच हुकूम सोडलात: प्रत्येक ओळीतला पहिला पाचव्याच्या जागी, दुसरा चौथ्याच्या, मधला जागेवर. चाळीस मुलं एकदम उठली. एकाची चप्पल गेली, दोघं एकाच जागेवर बसली, एक मुलगी रडली आणि लगेच हसली. सगळे बसले, पुठ्ठे वर गेले, आणि वरून पाहिलं तर भूकंपात सापडलेला गणपती. सोंडेचे तुकडे तुकडे.

तुम्ही मान वळवून ओळी मोजू लागलात. मी कागद पुन्हा तपासू लागलो. तेव्हा नऊ वर्षांची अन्वी सोंडेतून ओरडली, "वहिनी, हाथ भी तो बदलना पड़ेगा!"

खरंच होतं. जागा बदलल्या होत्या, पण प्रत्येकाच्या दोन हातांतले दोन चौकोन जुन्याच क्रमाने होते. "हात बदला!" तुम्ही म्हणालात, आणि सज्जातल्यांच्या डोळ्यांदेखत सोंड डावीकडे वळली. दामले काकूंनी वरून अक्षता टाकल्या. सगळ्याला सात मिनिटं लागली. चित्र पलटायचं तेच काम मोबाइल एका बोटाने करतो, आणि अगदी याच रीतीने करतो, एकेक चौकोन उचलून समोरच्या जागी ठेवत, हे त्या मुलांना आता कुणी वेगळं शिकवायची गरज नाही.

त्यानंतर खोव्याची जलेबी. "चित्रकाराला मानधन द्यायचं असते," तुम्ही म्हणालात, आणि प्रत्येकाला एक दिलीत. पन्नासावी स्वतः घेतलीत. "मी पण दोन चौकोन आहे, भाऊजी. लिहून घ्या."

वाद त्या संध्याकाळीच सुरू झाला.

"चित्र पाहणाऱ्याच्या बाजूनं असते, हे शेंबड्या पोरालाही कळते."

"कागदावर तसं लिहिलं नव्हतं. जे लिहिलं नाही ते मी गृहीत धरत नाही."

"कागदावर 'हा कागद आहे' असंही नव्हतं लिहिलं. तरी समजलं ना तुम्हाला?"

दादा वर्तमानपत्राच्या मागे गेला तो जेवायलाच बाहेर आला.

आणि तुम्ही काय केलंत? पुढच्या रविवारी वर्गात सांगितलंत, "पोरांनो, यंत्र म्हणजे आपले भाऊजी. जेवढं लिहिलं तेवढंच करते. मनातलं त्याला समजत नाही. म्हणून सूचना पूर्ण लिहा, डावी म्हणजे कुणाची डावी तेही लिहा." त्या दिवसापासून मुलं मला कॉम्प्युटर काका म्हणतात. बाजारात, देवळात, कुठेही. माझ्या शाखेत एका ग्राहकाच्या मुलाने मला या नावाने हाक मारली आणि मॅनेजरने मला नव्या प्रणालीच्या प्रशिक्षणाला पाठवलं.

पुस्तक लिहायला घेतलंत तेव्हा पहिलं पान याच गणपतीचं असणार होतं. मी म्हटलं, इतिहास पहिल्या कॉम्प्युटरपासून सुरू करा, रीत तशी आहे. तुम्ही म्हणालात, "पोरांचा इतिहास जिथं सुरू झाला तिथून सुरू करते." तुमचं पहिलं वाक्य होतं: 'ही गोष्ट एका चुकीपासून सुरू होते आणि चूक भाऊजींची होती.' छपाईच्या खर्चाला माझी सही लागणार होती, ती मी दिली नाही. तुम्ही सुधारलंत: 'चूक भाऊजींची होती, असं वहिनींचं म्हणणं आहे.' मी म्हटलं, मग माझंही म्हणणं घ्या. तुम्ही म्हणालात, तुमचं म्हणणं घेतलं तर बत्तीस पानं पुरणार नाहीत. त्याच झटापटीत मी तुमची शेवटची दोन कोऱ्या चौकोनांची पानं कापली होती. मुलांना स्वतः भरायला कोरे चौकोन द्यायचे ही तुमची इच्छा होती. मी म्हटलं, कोरं पान छापायला पैसे का द्यायचे? तुम्ही पहिल्यांदाच गप्प बसलात. ते गप्प बसणं मला नंतर बोचत राहिलं. पण पानं चारच्या पटीत छापतात, दोन पानं वाढवायची तर चारचे पैसे पडतात. माझा हिशेब बरोबर होता, वहिनी.

शेवटच्या महिन्यात अन्वीने तुम्हाला विचारलेलं तुम्हाला आठवत असेल. "वहिनी, अब तो मोबाइल को बोलो तो वो पूरा चित्र बना देता है. मग आपण चौकोन काहून रंगवून राहिलो?" तिच्या तोंडून 'काहून' ऐकून तुम्ही आधी तिचा मुका घेतलात. उत्तर त्यानंतर.

"सांग त्याला, डाव्या सोंडेचा गणपती काढ म्हणून."

तिने सांगितलं. आला, सुंदर आला, दागिन्यांनी मढलेला. सोंड सरळ खाली.

"आता त्याला डावी म्हणजे कुणाची ते समजाव," तुम्ही म्हणालात. दोघी अर्धा तास त्याच्याशी भांडत होतात आणि हसत होतात. शेवटी तुम्ही म्हणालात, "बोलून चित्र निघते, काही वाईट नाही. पण काय बोलायचं ते आधी आपल्याला दिसलं पाहिजे. ज्यानं हात बदलले त्याला दिसते."

हे वाक्य मी पुस्तकात टाकलं आहे, बाविसाव्या पानावर. तुम्हाला न विचारता.

तुमची कॉम्प्युटरवर चित्र काढायची ती लेखणी अजून स्वयंपाकघरात चमच्यांच्या भांड्यात उभी आहे. कोणी उचलू नये म्हणून तुम्हीच तिथे ठेवायचात. मी एकदा तिने चहा ढवळला होता आणि तुम्ही पंधरा दिवस मला चमचा मोजून दिला होतात. दादा ती हलवत नाही. रोज चमचा घेताना तिच्या बाजूने हात नेतो.

तर, पहिलं पान. पाचव्या दिवशी मी ते घेऊन दादाकडे गेलो. अन्वी बरोबर होती. तिने दोन्ही गणपती छापून आणले होते, चुकलेला आणि वळवलेला, कुठला पुस्तकात घ्यायचा ते ठरवायला. मी दादाला म्हटलं, तूच सांग, चूक कुणाची होती. तीस वर्षांत मी त्याला आमच्या भांडणात पहिल्यांदा ओढलं.

 दादाने दोन्ही कागद उचलले, चित्रावर चित्र येईल असे तोंडाला तोंड लावले आणि खिडकीच्या काचेवर धरले. मागून ऊन येत होतं. 

"जुळतात," तो म्हणाला.

मी जवळ जाऊन पाहिलं. शंभरच्या शंभर चौकोन एकावर एक. सोंडेवर सोंड. एक रेघ इकडची तिकडे नाही.

अन्वी म्हणाली, "बाबा, आमने-सामने के पन्नों पर छापो ना! किताब बंद करो तो मिल जाएँगे."

मी जैनजींना फोन केला. म्हटलं, मधल्या पानांवर दोन गणपती समोरासमोर टाकायचे, दोन पानं वाढवा. ते म्हणाले, दो नहीं, चार बढ़ेंगे. मी म्हटलं, माहीत आहे. चारच करा. दोन गणपतींची, आणि दोन कोऱ्या चौकोनांची, शेवटी. "कोरी? खाली पन्ने?" जैनजींना वाटलं माझा आवाज ओळखण्यात त्यांची काही चूक झाली. छत्तीस पानं, प्रतीला बेचाळीस रुपये. मी घासाघीस केली नाही, हे त्यांनी रईसभाईंनाही सांगितलं म्हणे.

पहिल्या पानावर आता असं आहे: 'ही गोष्ट एका गणपतीपासून सुरू होते. त्याची सोंड उलटी वळली. चूक वहिनींची की भाऊजींची, हे मधली पानं उघडून आणि मिटून तुम्हीच ठरवा.' अर्धं वाक्य तुमचं, अर्धं माझं. सही केली.

आणि मग परवाचा रविवार, सुरुवातीला हजेरी लिहिली तो. मुलांनी भाषणांऐवजी पडदा मागितला. तेव्हाची काही शिकायला बाहेरगावी गेली आहेत, त्यांच्या जागी धाकटी आली. जी तेव्हा दीड फुटात मावायची ती आता मावत नव्हती, म्हणून ओळी अंगणाच्या भिंतीपर्यंत गेल्या. या वेळी प्रत्येक पुठ्ठ्यामागे बाण होता आणि लिहिलं होतं, 'पाहणाऱ्याची डावी'. मुलं एकोणपन्नास, जागा पन्नास. मुलांनी मागून दुसऱ्या ओळीतली मधली जागा मोकळी ठेवली होती. माझ्याकडे पाहू लागली.

"कॉम्प्युटर काका, बैठो ना."

मी गुडघे सांभाळत बसलो. तुमचे दोन पुठ्ठे हातात घेतले. मुलांनी हट्टाने आधी चुकीचाच गणपती करायचा ठरवला होता. सज्जातून दामले काकूंनी त्याला मनापासून हात जोडले आणि मग स्वतःच ओरडल्या, "हं, पलट!"

मुलं उठली. तेव्हा सात मिनिटं लागली होती, या वेळी मिनिटभरात बसलीसुद्धा. मी मधला, मला जागा बदलायची नव्हती. हात बदलायचे होते. मी हातांकडे पाहिलं.

वहिनी, दोन्ही पुठ्ठे पिवळे आहेत.

मुकुटाचा मध्य. डावा पिवळा, उजवा पिवळा. अंगणभर पोरं धावत असताना तुम्ही जागच्या हलला नव्हतात, आणि हातही बदलले नव्हतेत, कारण बदलले काय अन् न बदलले काय, सारखंच! पन्नास जागांतून जिथे चूक होऊच शकत नाही नेमकी तीच तुम्ही निवडलीत, आणि तिथे बसून चार वर्षं मला डावं-उजवं शिकवलंत. मी पुठ्ठे वर धरून मोठ्याने हसलो. शेजारची मुलगी म्हणाली, "काका, हिलो मत, मुकुट हिल रहा है."

हे तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि सांगायला तुम्ही नव्हतात. इतकी मोठी जीत हातात होती आणि हात वर धरलेले होते, डोळे पुसता येईनात. आणखी एक गोष्ट तेव्हा कळली. त्या जागेवरून गणपती दिसत नाही. पुढच्यांची डोकी दिसतात, सज्जातल्या लोकांचे चेहरे दिसतात. चित्र काय झालं ते त्या चेहऱ्यांवरून समजतं. तुम्ही ते तसंच पाहिलं असणार. चेहरे आनंदलेले होते, वहिनी. दादा सज्जात मधोमध उभा होता आणि त्याने मान हलवली. जुळलं होतं.

त्या दिवशीचा खर्च. छापखान्याचे जैनजी यांना बारा हजार सहाशे. त्यातले अकरा हजार चारशे जमा रकमेतून, वरचे बाराशे माझे, कारण वाढीव चार पानं आपल्या वादाची होती. रईसभाईंना पुठ्ठ्यांचे शून्य. या वेळीही त्यांनी माझ्याकडे पाहूनच नकार दिला. खोव्याची जलेबी साडेतीन किलो, मिठाईवाल्याला चौदाशे, तेही माझे. एकोणपन्नास चित्रकारांना प्रत्येकी एक पुस्तक आणि एक जलेबी. पन्नासावी जलेबी अन्वीने मुकुटाच्या जागेवर आणून दिली. अर्धी मी खाल्ली आणि अर्धी सज्जात जाऊन दादाला दिली.